सर्चला न सापडलेली सुमन

मैत्रिणींनो, आज मला स्वतःचाच अभिमान वाटतोय.

कॉन्व्हेंटमध्ये माझ्या बाकावर बसणारी सुमन जाऊन उद्या वर्ष होईल. सकाळी तिच्या लेकीचा, रेखाचा फोन आला. "मावशी, आईसारखे वास्ते करायचे आहेत. पण ते कडू काऊन नव्हते लागत, मले आठवून नाई राह्यलं."

बांबूच्या कोंबांची ती कृती सुमनने याच फोरमवर कुठेतरी प्रतिक्रियेत लिहिली होती. पण इथलं सर्च फक्त शीर्षकंच शोधतं.

मग आठवलं, सुमन सिंदेवाहीच्या कमलबाईंशी हमखास भांडायची! कमलबाईंची एकेक पोस्ट उघडत गेले. फणसाच्या भाजीखाली सुमन सापडली: "बाई, वास्ते दोनदा उकडून पाणी फेका, मंगच कडूपणा जाते. तुम्हाले सांगू सांगू थकली मी!"

रेखाला वाचून दाखवलं. ती हसता हसता रडली.

कमलबाई, ते भांडण कधी पुसू नका हं.