रेघ मारलेली मेल

पडदेवाल्या ताईंच्या नाकाच्या शेंड्यावर राग, पण शिलाईला बसल्या की स्वारी खूश. दुकानाला लागूनच घर, त्यामुळे चहा आणि गिऱ्हाईक दोन्ही हाताशी. खिडक्यांची मापं मेलवर यायची. पडदा टांगून झाला, की ताई ती मेल डिलीट करायच्या. त्यांच्या जुन्या प्रोग्रॅममध्ये डिलीट केलेली मेल लगेच जायची नाही. तिच्यावर नुसती आडवी रेघ पडायची आणि ती यादीत तशीच बसून राहायची. हातावेगळी केलेली एवढी कामं डोळ्यांसमोर बघून ताईंना फार बरं वाटायचं.

त्यात एक मेल मात्र कामाची नव्हती. ती धाकट्या बहिणीची होती. आईच्या माघारी तिचं शिलाई मशीन धाकटीने नेलं, आणि या बयेला साधं बटण लावता येत नाही, यावरून दोघींचं बोलणं बंद झालं होतं. पुढे धाकटीने लिहिलं, ‘चुकलंच माझं. चार दिवस राहायला येऊ का?’ ताईंनी फणकाऱ्याने डिलीट दाबलं. रेघ पडली, तरी मेल उघडून वाचता येत होती. मग काय, रोज दुकान उघडलं की ताई आधी तीच वाचायच्या आणि ‘बघू सावकाश’ म्हणून मापांकडे वळायच्या.

सुनेला यातलं काही ठाऊक नव्हतं. कॉम्प्युटर फारच रखडायला लागला, तेव्हा ती म्हणाली, “आई, तुमचं फोल्डर फुगलंय. नुसतं डिलीट करून जागा मोकळी होत नाही, कॉम्पॅक्ट करावं लागतं. करू?”

ताई कापड बेतत होत्या. “कर बाई, तुला काय करायचं ते.”

रेघा पडलेलं सगळं एका झटक्यात गेलं.

दुपारी ताई स्क्रीनसमोर बसल्या आणि वरपासून खालपर्यंत शोधत राहिल्या. “रेघ मारलेल्या मेल कुठे गेल्या?”

“त्या तुम्हीच डिलीट केल्या होत्या ना?” सून चाचरत म्हणाली. “आता नाही यायच्या परत.”

ताई तिच्यावर उखडणारच होत्या, पण कुठल्या तोंडाने बोलणार? त्यांना रडूच फुटलं. सुनेने घाबरून पाणी दिलं. ते पिऊन ताईंनी धाकटीला फोन लावला.

“मी बोलतेय. केव्हा येतेस?”

पलीकडून धाकटी म्हणाली, “तू उत्तरच दिलं नाहीस. मला वाटलं, तोडलंस मला.”

“रोज समोर दिसायची गं तुझी मेल,” ताई म्हणाल्या. “तू इथेच आहेस, असं वाटायचं.”