माजघरातून दिलेली मुलाखत

कमरेला खोचलेला छोटा रेडिओ हीच माझी शेतीशाळा. नवरा फौजेत, सासऱ्यांचे गुडघे गेलेले, त्यामुळे इस्लामपूरजवळची आमची हळद माझ्याच गळ्यात पडली. रेडिओवरचे साहेब बेणं, रोपांच्या बुडाला माती लावायची भरणी, फवारणी समजावून सांगायचे आणि मी तण भांगलता भांगलता त्यांना मोठ्यानं उत्तरं द्यायचे. ऐकायला बांधावरच्या म्हशीशिवाय होतं कोण?

गणपतीच्या सुट्टीत आमचे हे घरी आले आणि त्याच आठवड्यात रेडिओवाले मुलाखतीला आले. सोबत हळदीचे जाणकार साहेब होते. मला कोण आनंद झाला! शेताच्या खालच्या अंगाची हळद पिवळी पडायला लागली होती आणि मला नेमकं तेच विचारायचं होतं. पण माईकवाल्या मुलीनं "शेती कोण बघतं?" म्हटल्यावर सासऱ्यांनी बिनदिक्कत मुलाकडे बोट दाखवलं. मी चहा टाकायला आत निघाले. जाता जाता ह्यांना म्हटलं, "आवं, पिवळ्या पानांचं तेवढं इचारा."

"दादा, भरणी कधी केली?" मुलीनं विचारलं. हे माजघराच्या दाराकडे बघायला लागले. मला राहवेना. "लागणीनंतर अडीच म्हैन्यानं," मी आतूनच म्हणाले. ह्यांनी तेच पुन्हा सांगितलं. मग प्रत्येक प्रश्नाला तसंच होत गेलं. शेवटी साहेबांनी विचारलं, "काही अडचण?"

"छे! सगळं झकास हाय," हे म्हणाले.

मी आत कपांत चहा गाळत राहिले. चार माणसांत नवऱ्याला खोटं कसं पाडायचं?

मुलाखत लागली तेव्हा शेजारीपाजारी आमच्याच अंगणात जमले होते. विहिरीवरच्या मोटारीच्या आवाजावर ओरडून ओरडून माझा गळा असा तयार झालाय, की आधी मी आणि मागून हे, असं सगळं रेडिओवर स्वच्छ ऐकू आलं. "गड्या, फौजेत बी आतनं कुनी सांगतं का रं?" एकानं विचारलं आणि सगळे खो खो हसले. ह्यांचे कान लाल झाले. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसऱ्या दिवशी ह्यांचा फोन वाजला. मुलाखतीत नंबर सांगितला होता. पलीकडे कुठल्याशा गावची बाई होती. "आतनं बोलत हुत्या त्या ताईस्नी द्या," म्हणाली. ह्यांनी मुकाट्यानं फोन माझ्या हातात दिला.

"ताई, तुमास्नी लय म्हाईत हाय. माजी हळद पिवळी पडाय लागलीया. काय करू?"

"आमची बी पडलीया," मी कशीबशी म्हणाले.

"आवं, साहेब तर तुमच्या दारात हुते! मग इचारलं का न्हाई?"

तिचा आवाज बाहेरपर्यंत येत होता. हे समोरच उभे होते. मी फोन तसाच त्यांच्यापुढे धरला.