वाढवलेला शिवणवर्ग

एका संस्थेत मी ‘प्रभाव मापन’ करतो. म्हणजे मोबाइल घेऊन आरोंद्याच्या खाडीकाठी बायकांना विचारत फिरतो, की आमच्यामुळे तुमचं आयुष्य कितीनं बदललं. तोंड वर करून हे विचारायची मला अजून लाज वाटते, पण पगार त्याचाच मिळतो.

गेल्या साली शिवणवर्गाची पाळी आली. वर्ग चालवणाऱ्या काकी माझ्या आईच्या वयाच्या. संस्थेच्या चार मशिनी, खोली मात्र दुसऱ्याची. त्यानं खोली परत मागितली आणि वर्ग बंद पडला. मशिनी काकींच्या पडवीत गोणपाट पांघरून उभ्या होत्या आणि शिकणाऱ्या आठजणी घरी बसल्या होत्या.

“आत्मविश्वास, एक ते पाचमध्ये किती?” मी फॉर्म वाचला.

“मोजूक काय हाडलंस? थर्मामीटर?” काकी म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. “झिला, ता रवांदे. खोली व्हयी म्हणान लिव. नायतर ह्यो मशिनी गंजान जातल्यो.”

“लिवतंय, काकी. वाचल्यावर बघतलेच हापिसातले.”

‘सद्यस्थिती’पुढे ‘वर्ग बंद’ लिहायला गेलो आणि बोट अडलं. आमच्याकडे दुकान बंद करत नाहीत, वाढवतात. बांगडी फुटत नाही, वाढते. काकींच्याच पडवीत बसून, त्यांनीच दिलेला चहा पिऊन, त्यांच्या वर्गाला बंद म्हणायला माझी जीभ काय, बोटसुद्धा रेटेना. मी लिहिलं: ‘वर्ग वाढवला. खोली हवी.’

मुख्य कार्यालयात टाळ्या वाजल्या म्हणे. वर्ग इतका वाढला, की खोली पुरेना! अहवालात आमचा आलेख वर चढत चढत पानाबाहेर गेला. मी घाईघाईनं फोन केला, “अहो, बंद झालाय तो.”

“छापून झालंय आता,” पलीकडून उत्तर आलं. “आणि वाढला असं तुम्हीच लिहिलंय ना?”

सावंतवाडीला कार्यक्रम झाला. ‘स्वावलंबी वर्ग’ म्हणून काकींना प्रशस्तिपत्र मिळालं. मुख्य कार्यालयातल्या साहेबांनी त्यांच्या हातात नारळ दिला आणि म्हणाले, “वाढवा!” तेव्हा मात्र तो नारळ मोठा होईल असं त्यांना मुळीच वाटलं नाही. मग भाषणात त्यांनी सांगितलं, की जो वर्ग स्वतःच्या पायावर उभा राहिला त्याला आता मशिनींची गरज नाही. त्या खारेपाटणच्या मागे पडलेल्या वर्गाला देऊ. काकींनीही टाळ्या वाजवल्या, कारण सगळे वाजवत होते.

येताना गाडीत मी काकींपाशी त्या ‘वाढवला’पासून सगळं कबूल केलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

चार दिवसांनी टेम्पो आला. मशिनी चढवताना काकींनी प्रत्येकीवरचं गोणपाट काढून घडी करून ठेवलं. टेम्पो वळणावर दिसेनासा झाला आणि माझ्या मोबाइलवर नवा फॉर्म आला. लाभार्थीचं समाधान, एक ते पाच. मी तो काकींना वाचून दाखवला नाही, नुसता हातात धरून उभा राहिलो.

त्यांनीच डोकावून बघितलं.

“पाच लिव,” त्या म्हणाल्या. “कमी लिवलंस तर तुझी नोकरी वाढयतले.”