हॉलपासून तिच्या पलंगापर्यंत

हॉल आणि आतली खोली यांच्या मधल्या दारात बोटभर उंचीचा संगमरवरी उंबरठा होता. शेवटच्या वर्षात बायकोचा वॉकर रोज तिथे अडायचा. "अहो, एवढा काढून टाका ना," ती म्हणायची. "दिवाळीनंतर बघू," मी म्हणायचो. दिवाळी झाली, संक्रांत झाली. ती गेली आणि मग मला घाई सुटली. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

उंबरठा फोडून घेतला आणि दोन्ही खोल्यांत लाकडासारख्या दिसणाऱ्या लॅमिनेटच्या फळ्या बसवायला निफाडकडचा एक कारागीर बोलावला. माणूस गुणी, पण दारात त्याला आडवी पट्टी मारायची होती.

"काका, दारात तोडून पट्टी द्यावीच लागंल. पावसाळ्यात हे लय फुगतं, त्याला हलायला जागा पाहिजे. सरळ नेलं तं इकडचं पाऊल तिकडं वाजंल."

मी ओझरला विमानांच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होतो. सांध्यात फट दिसली की साहेब जॉब परत पाठवायचे. फट ठेवणं म्हणजे कौशल्य, हे माझ्या गळी कोण उतरवणार? शिवाय ज्या दारातली अडचण काढायला एवढा खटाटोप, तिथेच पुन्हा पट्टी? मी चिडलोच. "वाजू दे. सरळ ने."

त्याने नेलं. हॉलच्या खिडकीपासून तिच्या पलंगापर्यंत सलग. तो गेल्यावर मी तिचा वॉकर काढला आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत ढकलत नेला. कुठेही अडला नाही. मी तिथेच पलंगावर बसून रडलो. सांगायला लाज कसली.

पावसाळ्यात त्याचंच खरं झालं. मी चहाचा कप घेऊन हॉलमध्ये खुर्चीकडे निघालो की आत पलंगापाशी फळी कटकन वाजायची. पहिल्यांदा तर मी चक्क "उठलीस का?" म्हणालो. चहा हातातच निवला.

शेवटी कारागिराला फोन केला. तो आला, त्याने खाली वाकून फळ्या दाबून पाहिल्या. 'सांगितलं होतं ना' असं एकदाही म्हणाला नाही.

"अर्ध्या तासाचं काम हाय, काका. दारात कापतो, पट्टी मारतो, आवाज बंद." त्याने मशीनची वायर प्लगमध्ये घातली. "कापू ना?"

मी उठून खिडकीपर्यंत चालत गेलो. आत कटकन वाजलं.

"नको, वाजू दे रे," मी म्हणालो. "तेवढीच सोबत."