न उडवलेला बुरूज

येलप्पा गेल्याचं त्यांच्या जावयानं येऊन सांगितलं. पिंपरीला नव्या कारखान्याच्या पायाचं काम चालू आहे, तिथून तो सायकलवर चिंचवडला माझ्या घरी आला. आत बोलावलं तरी उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. दगडाची भुकटी छातीत बसली होती, दोन महिने खोकत होते, सोमवारी सकाळी संपलं... एवढंच बोलला. सायकल वळवताना म्हणाला, "मामा म्हनले व्हते, साहेबांना कळवा." त्याला आज पाच आठवडे झाले. हे लिहावं की नाही, या विचारात ते गेले. लिहितो आहे ते अशासाठी, की सरकारी दप्तरातल्या एका कागदावर माझी सही आहे आणि त्या कागदाचं श्रेय माझं नाही.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती. चाकणकडे जाणाऱ्या रस्त्याचं रुंदीकरण निघालं होतं आणि मी त्यावर बांधकाम खात्याचा ओव्हरसीयर होतो, सत्तावीस वर्षांचा. कुरुळीच्या पलीकडे एका टेकडीवर जुनी गढी आहे. गढी कसली, पडका तट, बुजलेलं टाकं आणि एकच धड बुरूज. चाकणच्या किल्ल्याला मोगलांचा वेढा पडला तेव्हा इथल्या शिबंदीनं टेकडीवर जाळ करून खाली इशारा दिला, असं गावातले म्हातारे सांगत. कंत्राटदाराला मात्र त्या गढीत फक्त घडीव दगड दिसत होता. तट उतरवून त्याची खडी करायची परवानगी त्यानं मिळवली होती. येलप्पा वडार हे त्याचे सुरुंग लावणारे. वयानं माझ्या वडिलांएवढे, आणि मी त्यांना अरेतुरे करीत होतो. तेव्हा त्यात मला काही वावगं वाटत नसे.

तट महिनाभरात उतरला. राहिला बुरूज. त्याच्या आतल्या अंगाला पाच भोकं पाडली, दारू ठासली, वाती लावल्या. दुपारी तीनला बार उडवायचा होता. ट्रक येऊन उभे होते. दोनच्या सुमाराला येलप्पा माझ्याकडे आले आणि म्हणाले, बाहेरच्या अंगाला, अगदी पायाशी, पहार मारली तर आवाज पोकळ येतो आहे. मी गेलो. त्यांनी झुडपं तोडून दोन चिरे सरकवले. आत भोक होतं, माणूस सरपटत जाईल एवढं. कमरेला दोर बांधून ते आत शिरले आणि दोराचं टोक माझ्या हातात दिलं. दोर हळूहळू आत जात होता. मग थांबला. वरून माती गळू लागली, आधी चिमूटभर, मग ओंजळभर. मी हाक मारली, उत्तर आलं नाही. तळहात घामानं इतके भिजले होते की दोर सटकेल म्हणून मी तो मनगटाला गुंडाळला... किती वेळ गेला, सांगता येणार नाही. ते बाहेर आले तेव्हा पापण्यांपर्यंत मातीनं माखले होते.

आतल्या छिन्नीच्या खुणा बाहेरून आत गेलेल्या आहेत, असं त्यांनी सांगितलं. म्हणजे हे भुयार गढीतल्यांनी खोदलेलं नव्हे, कधीकाळी गढीलाही वेढा घालणाऱ्यांनी खोदलेलं. बुरुजाखाली सुरुंग पेरायचा होता, आणि काम अर्ध्यावर सुटलं. का सुटलं, देव जाणे. "आमच्यासारखाच कुनीतरी असंल, साहेब," ते म्हणाले. "त्यानं अर्धा पाया खाल्लाय. आपुन आतून बार दिला, तर बुरूज आत न्हाई पडायचा. भाईर जाईल."

बाहेरच्या बाजूला उतार होता. उतारावर वडारांची पालं, आणि त्यांच्याखाली शेतकऱ्यांची दहा-बारा घरांची वस्ती.

कंत्राटदार ऐकेना. एवढा थोरला बुरूज अडीचशे-तीनशे वर्षं उभा आहे, बार आतल्या अंगाला आहे, दगड आतच पडणार. म्हातारा भुताला भ्यालाय, असं तो हसत म्हणाला. मग हसणं थांबवून माझ्याकडे वळला. "साहेब, काम थांबवायचं तर लेखी द्या. मग वर जाब तुम्ही द्यायचा." खिशात पेन होतं. वही काखेत होती. खात्यात लागून मला वर्षही झालं नव्हतं, घरी दोन बहिणी लग्नाच्या होत्या. मी बुरुजाकडे पाहिलं, घड्याळाकडे पाहिलं, पुन्हा बुरुजाकडे पाहिलं. तीनला दहा मिनिटं होती. कंत्राटदारानं मुकादमाला खूण केली आणि मुकादम काडेपेटी काढून निघाला.

येलप्पांनी माझ्याकडे पाहिलंदेखील नाही. सावलीत बायकांनी ठेवलेला पाण्याचा डेरा उचलून ते मुकादमाच्या पुढे गेले आणि पहिल्या भोकातली वात उपटून पाणी ओतलं. मुकादमानं त्यांचा दंड धरला. ते हिसडा देऊन दुसऱ्याकडे गेले. काडी पेटली असती तर ते तिथंच होते. तिसऱ्या भोकाशी पोचले, तेव्हा कुठं माझी वही उघडली. "काम तात्काळ बंद ठेवावे," असं लिहून मी खाली सही केली, आणि वेळ मात्र मागची घातली, अडीच.

बुरूज पडला असता तर सगळं सोपं झालं असतं. माझ्या लेखी हुकुमानंतर त्याला पुन्हा कुणी बार लावला नाही, आणि आपणहून तो पडला नाही. त्या पावसाळ्यात नाही, पुढच्याही नाही; आजही उभा आहे. त्यामुळे पाया पोखरलेला होता हे कुणाला पटेना, आणि आम्ही खोटे ठरलो. माझी बदली खानदेशात झाली. येलप्पांना भुताला भिणारा वडार म्हणून त्या पट्ट्यात कुणी सुरुंगाच्या कामावर घेईना. पुढं मी चिंचवडला परत आलो, तेव्हा ते पिंपरीला पाया खोदण्याच्या मजुरीवर होते. खात्यात मात्र काहीजण मला हिमतीचा माणूस म्हणत. मी ते कधी खोडून काढलं नाही. येलप्पांनीही खरी हकिगत कुणाला सांगितली नाही.

गेल्या दिवाळीनंतर त्यांना भेटायला गेलो होतो. आता मी त्यांना अहोजाहो करीत असे, आणि त्याचं त्यांना हसू येई. घोंगडीवर बसून धाप लागत बोलत होते. मी इतकी वर्षं मनात ठेवलेलं विचारलं. बुरूज बाहेर पडणार, याची तुम्हाला खात्री होती का?

"न्हाई," ते म्हणाले. खोकला आला, तो ओसरेपर्यंत थांबले. "खाली पोरं व्हती." मग माझ्याकडे बघून त्यांनी विचारलं, "तुमाला व्हती का, साहेब? आत पडंल म्हून?"

मी नाही म्हणालो. त्यांनी मान हलवली, आणि लेकीला चहा ठेवायला सांगितलं.