जोकरची धून

आमच्या घरातला बल्ब गेला की मी पुतण्याला, ज्ञानेशला, हाक मारते. नवऱ्याला स्टुलावर चढू देत नाही. ज्ञानेश हसतो, "काकू, काका तंबूच्या शेंड्याखाली कोलांट्या मारायचे आणि तुम्ही त्यांना स्टुलावर चढू देत नाही?" मी म्हणते, गप बस आणि बल्ब लाव. ज्याचं जळतं त्यालाच कळतं.

पुंजाराम माझा नवरा. त्याला अरेतुरे करते म्हणून सासूबाईंची पुष्कळ बोलणी खाल्लीत मी. पण माझा निम्मा संसार सर्कशीत झाला आणि तिथे सगळेच एकमेकांना नावाने हाक मारतात. आता या वयात अहो-जाहो करायला गेले तर तोच मागे वळून बघेल, कोण पाहुणा आला म्हणून.

घर आमचं नाशिकजवळच्या मखमलाबादच्या माळ्याचं. फ्लॉवर, कोथिंबीर, दसऱ्याला झेंडू. हा सगळ्यात धाकटा आणि उपद्व्यापी. बाराही महिने तालमीतल्या मल्लखांबावर आणि गोदावरीला पूर आला की होळकर पुलावर. बाकीची पोरं पुलावरून सरळ उडी मारायची, हा हवेत गिरकी घेऊन. माझ्या सासूबाई, नवसाबाई, घाटावर काठी घेऊन उभ्या. हा पाण्यातून बाहेर आला की आधी पाठीत रट्टा, मग पदराने डोकं पुसणं. दोन्ही त्याच हाताने.

एक्क्याण्णवच्या थंडीत गोल्फ क्लबच्या मैदानावर सर्कस उतरली. हत्तींना पाला लागायचा, तो आमच्या शेतातून जायचा. पुंजाराम सायकलला फ्लॉवरचा पाला बांधून रोज सकाळी तिथे. सकाळी झुल्याची तालीम चालायची. एके दिवशी पाला टाकला आणि हा पठ्ठ्या कुणाला न विचारता शिडीने वर! वर भिकन होता, मालेगावकडचा. झुल्याला गुडघ्यांनी उलटा लटकून उडत्या माणसाला धरणारा, म्हणजे कॅचर. त्याने शिव्या घालायच्या सोडून याला उडायला लावलं. कंपनीचा मुक्काम हलला तेव्हा सायकल मैदानावर आणि हा कंपनीबरोबर. सासूबाईंनी सायकल ढकलत घरी आणली आणि सगळ्या आळीला सांगितलं, "माळ्याच्या पोटी माकड आलं!"

हो, सर्कशीतली माणसं सर्कशीला कंपनीच म्हणतात. मला बघायला आले तेव्हा सांगितलं, मुलगा कंपनीत आहे. माझ्या वडिलांना वाटलं सातपूरला नाहीतर अंबडला कारखान्यात, पाळी असेल, बोनस असेल. खरं कळलं तेव्हा साखरपुडा झालेला. वडिलांनी डोक्याला हात लावला. मी मात्र हसत सुटले. अठरा वर्षांच्या मुलीला काय, गावं बघायला मिळणार याचीच हौस!

गावं पुष्कळ बघितली. खेळ मात्र एकदाही बघितला नाही. लग्नानंतर पहिल्याच दिवशी भिकनने मला समजावून सांगितलं होतं, "वहिनी, उडणाऱ्यानं कधी पकडायला जायचं नसतं. हात नुसते पुढं करायचे. मनगट धरायचं काम माझं. उडणारा पकडापकडी करायला गेला, की दोघं चुकले." माझ्या नवऱ्याचा जीव दुसऱ्याच्या मुठीत आणि त्याने नुसते हात पुढे करायचे! त्या दिवसापासून झुल्याचा खेळ लागला, की मी तंबूमागे चुलीपाशी पाठ करून बसायची. बघायची नाही, ऐकायची.

कारण सर्कशीत बँडवरून सगळं कळतं. आमचा बँडमास्तर गोटीराम, ट्रम्पेट वाजवायचा. झुल्याची एक ठरलेली धून होती, लांब लांब सुरांची. ती चालू असेतोवर सगळं ठीक. पण रिंगणात काही विपरीत झालं, कुणी पडलं, तर गोटीराम त्याच क्षणी जोकरची धून सुरू करायचा, ती उड्या मारत चालणारी टुणटुण. म्हणजे जोकरांनी धावत आत जायचं आणि लोकांना हसवत ठेवायचं. तेवढ्यात पडलेल्याला मागच्या पडद्यातून बाहेर काढायचं. लोकांना पत्ताही लागत नाही.

मला लागला. आमच्यातला चंदर जाळीत पडला, जाळीने त्याला उसळवून बाहेर फेकलं. त्याला खाटेवर घालून माझ्या चुलीशेजारून नेलं तेव्हा आत टुणटुण चालू होती आणि पोरं खिदळत होती. चंदर वाचला, पण लंगडा झाला, गावी गेला. मी मात्र तेव्हापासून त्या धुनेची अशी धास्ती घेतली की बहिरू जोकर आपल्या नेहमीच्या पाळीला आत गेला तरी मी भाकरी थापायची सोडून खाट येते का ते बघायची.

मग पुंजारामचा उजवा खांदा निखळायला लागला. पहिल्यांदा निखळला तेव्हा भिकननेच बसवला. मग वारंवार. सकाळी शर्ट घालताना तोंड वाकडं करायचा आणि मी बघितलं की शीळ घालायचा. मी रडून सांगितलं, भांडून सांगितलं, आमच्या दिशाला, मुलीला, पुढे करून सांगितलं. "पुढच्या मुक्कामाला उतरतो." हे त्याचं उत्तर. पालथ्या घड्यावर पाणी! पुढचा मुक्काम यायचा आणि हा पुन्हा शिडीवर. लोक म्हणायचे, जित्याची खोड. ती म्हण पुढे काय म्हणते ते मला माहीत होतं, म्हणून कुणी बोललं की मी त्याच्या अंगावर जायची.

त्यात वाघ-सिंह बंद झाले. आता गर्दी ओढायची ती माणसांनी. मालकाने नवीन खेळ काढला: डोक्यात काळी पिशवी घालून उडायचं. डोळे बांधलेले, समोर काही दिसत नाही, भिकनने हाळी दिली की झुला सोडायचा. दोन हजार दोनच्या डिसेंबरात मुक्काम नाशिकला आला आणि मालकाने फलक लावले, नाशिकचा वीर, मृत्यूशी झुंज. मी पुंजारामला म्हटलं, "तुझा खांदा असा, आणि वर पिशवी?"

"आपल्या गावात नाही म्हणू का, भागे? एवढा मुक्काम. आईशप्पथ मग उतरतो."

"आईची शपथ घेऊ नको. आई येणार आहे खेळाला."

सासूबाईंनी इतक्या वर्षांत सर्कशीत पाऊल टाकलं नव्हतं. पण गावातच तंबू लागला, फलकावर पोराचं नाव, सगळी भावकी टेम्पो करून निघाली, तेव्हा त्याही नऊवारी नेसून आल्या आणि पुढच्या खुर्चीवर बसल्या. पिशवीचं त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. मीही नाही. म्हटलं, म्हातारीच्या जिवाला कशाला घोर.

संध्याकाळचा खेळ. मी चुलीपाशी, हात पिठात. लांब सुरांची धून लागली. भिकनची हाळी ऐकू आली, टाळ्या पडल्या. पुन्हा हाळी, पुन्हा टाळ्या. मग लाउडस्पीकरवर पिशवीचं जाहीर झालं आणि तंबू शांत झाला. मी देवाचं नाव घेतलं, रामाचं की सप्तशृंगीचं ते आठवत नाही.

आणि टुणटुण लागली.

बाई गं! ते मी सांगू शकत नाही. पिठाचे हात तसेच. दिशा मागून ओरडतेय, "आई, आई!" आणि मी धावतेय. एकच विचार, खाट आणू देत नाही, मी त्याला खाटेवर घालू देत नाही. पडदा ढकलला आणि जन्मात पहिल्यांदा खेळ चालू असताना रिंगणात गेले. आधी जाळीकडे बघितलं. जाळी रिकामी. म्हणजे जाळीच्या बाहेर! खाली माती बघितली. मातीतही कुणी पडलेलं नाही.

वर बघितलं. पुंजाराम वर फळीवर धडधाकट उभा. डोक्यात काळी पिशवी. आणि पिशवीतून जिवाच्या आकांताने ओरडतोय, "भिकन! भिकन!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं. त्यालाही टुणटुण ऐकू आली होती. दिसत काहीच नव्हतं. आपण तर फळीवर आहोत, मग पडला कोण? भिकन! पलीकडे भिकन उलटा लटकलेलाच होता. तो ओरडला, "अरे मी हाय वरच! पिशवी काढ आन् खाली बघ, मर्दा!"

पुंजारामने पिशवी उपसली. त्याने खाली बघितलं, मीही बघितलं. जाळीच्या कडेला आमच्या सासूबाई उभ्या. रिंगणाचा कठडा कसा ओलांडला देव जाणे. दोन्ही हातांनी पदर पसरलेला, मान वर, आणि एवढ्या माणसांत खणखणीत आवाजात म्हणतायत, "पुंज्या, ते त्वांडावरचं काढलं ना? आता खाली ये. म्या धरते."

अख्खा तंबू हसला. लोकांना वाटलं, खेळातलीच बाई आहे. गोटीरामचं काय चुकलं? रिंगणात भलतंच कुणी आलं, त्याने नियमाप्रमाणे धून बदलली. बहिरू जोकर नाचत नाचत म्हातारीला बाहेर न्यायला आला, तर तिने पदराचं एक टोक त्याच्या हातात दिलं. "नुसता काय नाचतो मेल्या, धर नीट." बहिरूने धरलं. आयुष्यभर लोकांना हसवलेला माणूस, लाल नाकाखाली त्याचं तोंड रडवेलं झालेलं मी बघितलं.

वर पुंजाराम उभा होता. मालक प्रवेशाच्या पडद्याशी उभा राहून हाताने खुणा करत होता, चालू करा, चालू करा. गोटीरामने पुन्हा लांब सुरांची धून धरली. ती लागली की उडायचं, हे इतक्या वर्षांचं अंगवळण. माझा जीव टांगणीला लागला. बोलून झालं होतं माझं सगळं.

त्याने पिशवी फळीवर ठेवली. झुला धरला, एकच झोका घेतला आणि भिकनकडे न जाता मधेच सोडून दिला. पाठीवर जाळीत आला, कडेपर्यंत लोळला आणि आईच्या शेजारी दोन पायांवर उतरला. सासूबाईंनी आधी त्याच्या पाठीत रट्टा घातला, मग पदराने त्याचं तोंड पुसलं. आणि त्याचं मनगट धरलं. हात नाही, मनगट. भिकन धरायचा तसं. तो नुसता हात पुढे करून उभा राहिला होता.

दोघं माझ्या शेजारून पडद्याबाहेर गेले. मागे धून चालूच होती, मालक हाका मारत होता, झुला आपला आपण हलत होता. पुंजारामने मागे वळून बघितलं नाही. बाहेर चुलीपाशी आल्यावर सासूबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "भागे, एवढी वर्सं तुला एक माणूस खाली उतरवता आला नाय?" आणि मी, जी कधी उलट बोलल्याशिवाय राहत नाही, ती त्यांच्या गळ्यात पडून मोठमोठ्याने रडले. सुटले हो, सुटले! पिठाचे हात त्यांच्या नऊवारीला लागले ते त्यांनी पुढे कितीतरी दिवस ऐकवलं.

मालकाने आदळआपट केली, पण आईने भर रिंगणातून नेलेल्या माणसाला परत वर चढव म्हणायला त्याचीही जीभ रेटली नाही. आता पुंजाराम झेंडू लावतो, पहाटे फुलं घेऊन बाजारात जातो, आल्यावर तालमीत पोरांना मल्लखांब शिकवतो. शिकवतो खालून! मी जाऊन बघून येते. पहिलं वर्षभर तो रुसलेला होता, जेवताना छताकडे बघायचा. मग खांदा दुखायचा थांबला आणि माणूस गाढ झोपायला लागला. घोडं एकदाचं गंगेत न्हालं.

परवा ज्ञानेशचं लग्न झालं. गोटीरामही सर्कस सोडून मनमाडला लग्नाच्या बँडमध्ये लागलाय, म्हणून तोच बँड सांगितला. वरात मांडवाशी आली आणि त्या मेल्या गोटीरामला काय हुक्की आली, त्याने टुणटुण सुरू केली. माझ्या हातातलं ओवाळणीचं ताट खणकन खाली. आणि खुळ्यासारखी मी आधी वर बघितलं! वर काय, मांडवाचं कापड आणि ट्यूबलाइट.

मग खाली बघितलं. पुंजाराम मांडवाच्या दाराशी आईचं मनगट धरून उभा होता. सासूबाईंना आता नीट दिसत नाही, म्हणून तो धरतो. दुसऱ्या हाताने तो वाकून चपलांच्या ढिगात काहीतरी शोधत होता. मला बघून ओरडला, "अगं, बघत काय राहिलीस? आईची एक चप्पल सापडेना!"

कुंकू सांडलेलं, वऱ्हाडी बघतायत, आणि मी तिथेच मटकन बसून पोट धरून हसले. दिशा विचारत होती, आई, काय झालं? म्हटलं, काही नाही गं, काहीच झालेलं नाही. मग उठले आणि चप्पल शोधायला गेले.