खूण नसलेला टोमॅटो

टोमॅटोच्या देठाशी हिरव्या निदलांची एक चांदणी असते. माझी जुनी विद्यार्थिनी शेवंता हिच्या शेडनेटमध्ये प्रत्येक चांदणीची दोन टोके कात्रीने छाटलेली होती. कळी चिमट्याने फाडायची, आतले पुंकेसर उपटायचे, दुसऱ्या वाणाचे पराग लावायचे आणि हे झाल्याची खूण म्हणून निदले कापायची, अशी संकरित बियाण्याची रीत आहे.

वाटेत अखंड चांदणीचे एक लालभडक फळ पडले होते. वाया जाऊ नये म्हणून मी ते तिच्या क्रेटमध्ये टाकले.

"अवो गुरुजी, हे काय केलं!" शेवंता ओरडली. "ते आपसूक धरलेलं फळ हाये. त्याचं बी मिसळलं की कंपनीत बियाण्याचा सगळा लॉट नापास. तुमच्या शाळेत पस्तीसला पास व्हायचं, इथं तसं नाई चालत!"

तिने क्रेट मातीत पालथे केले आणि एकेक देठ तपासू लागली. हे बी समुद्रापलीकडे जाणार. तिथला अनोळखी शेतकरी पाकिटावर विश्वास ठेवून ते पेरणार आणि त्यावर एखाद्या गावाचे ताट भरणार. त्या ताटामागची ही कापाकापी मी कोणत्याच वर्गात शिकवली नव्हती. धडधाकट उपजलेले फळ येथे गुन्हेगार ठरते. छाटलेल्याचे बी तेवढे जगप्रवासाला निघते.

फळ सापडताच तिने ते टाचेखाली चिरडले. रस माझ्या पायजम्यावर उडाला. तरीही बी न् बी चिखलात जाईपर्यंत ती रगडत राहिली.

"आता हात पाठीमागं बांधा, गुरुजी," ती म्हणाली. मी बांधले.